‘फॉल्स’ लिहिले म्हणजे बंद झाले?

जँगोमध्ये नवा प्रकल्प सुरू केला की सेटिंग्जची फाइल आपोआप तयार होते. तिच्यात डीबग चालू असते आणि त्याच्या वरच्याच ओळीत, प्रॉडक्शनमध्ये ते चालू ठेवू नका, असा इशाराही असतो. ३.२ आवृत्तीपासून तर आयत्या मिळणाऱ्या सीक्रेट कीच्या सुरुवातीलाच ‘इनसिक्युअर’ हा शब्द असतो. इतके बजावूनही डीबग चालू असलेल्या साइट लाइव्ह जातात. याचा दोष नुसत्या निष्काळजीपणाला देऊन भागणार नाही.

काळजी घेणारा डेव्हलपर काय करतो ते पाहा. डीबग चालू की बंद, हे तो कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतो. सर्व्हरवर तिथे ‘फॉल्स’ लिहितो आणि निश्चिंत होतो. पण एन्व्हायर्नमेंटमधून येणारी प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग असते, आणि पायथनच्या लेखी रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग खरी. म्हणजे ‘फॉल्स’ लिहूनही डीबग चालूच! साइट नीट उघडते, लॉगिन होते, ग्राहक पैसेही देतो. मग कधीतरी एक पान कोसळते आणि कुणा परक्या माणसासमोर फाइलींचे पत्ते, कोडच्या ओळी आणि त्या क्षणी फंक्शनमध्ये असलेली सगळी व्हेरिएबल्स उघडी पडतात. ज्यांच्या नावात ‘सीक्रेट’ किंवा ‘टोकन’ आहे अशा सेटिंग्ज जँगो झाकते. साध्या व्हेरिएबलमधला ग्राहकाचा फोन नंबर मात्र जसाच्या तसा दिसतो.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे: विसर पडला तरी सुरक्षितच राहील, अशी सेटिंग लिहावी. व्हेरिएबलमध्ये नेमका ‘१’ असेल तरच डीबग चालू. दुसरे काहीही असो वा काहीच नसो, बंद. सीक्रेट कीला तर पर्यायी किंमत देऊच नये. ‘नसेल तर ही घे’ म्हणून कोडमध्ये एक की लिहून ठेवण्याची सवय फार पसरली आहे. सर्व्हरवर व्हेरिएबल लावायचे राहिले, तर साइट गुपचूप त्याच कीवर चालते आणि ती की गिटमध्ये सगळ्या टीमला दिसत असते. त्यापेक्षा अ‍ॅप सुरूच न झालेले बरे. डिप्लॉय अडला तर ते पाच मिनिटांत कळते.

की एकदा कमिट झाली असेल, तर पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही. ती इतिहासात राहते. की बदलाच. आणि लोकलवर एसक्यूलाइट, सर्व्हरवर पोस्टग्रेस हा संसारही थांबवावा. ठरलेल्या लांबीपेक्षा मोठे नाव एसक्यूलाइट निमूट साठवते, पोस्टग्रेस नाकारते.

अ‍ॅडम विगिन्स यांच्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ या मार्गदर्शिकेत एक कसोटी आहे: एकही पासवर्ड न फुटता तुमचा कोड या क्षणी सर्वांसाठी खुला करता येईल का? ती आपापल्या रिपॉझिटरीला लावा. आणि जँगोची ‘चेक’ ही कमांड ‘डिप्लॉय’ पर्यायासह या आठवड्यातच चालवा. लॅपटॉपवरच्या नव्हे, सर्व्हरवरच्या सेटिंग्जवर.