पद्मिनीच्या स्टेअरिंगला जाणता हात हवा

जुन्या फियाटचे, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचे, स्टेअरिंग दोन बोटे इकडेतिकडे फिरवले तरी गाडी आपली सरळच चालत राहते. गॅरेजवाले म्हणतात, ‘प्ले आलाय’. पालघर जिल्ह्यात वरई फाट्यावरून सफाळ्याकडे येताना समोरून भरलेला डंपर आला, की ही दोन बोटे जिवावर बेतू शकतात.

यावरचा झटपट इलाज बहुतेक गॅरेजांना ठाऊक असतो. स्टेअरिंग बॉक्सवरचा चेकनट सैल करायचा आणि अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळायचा. प्ले जातो, मालक खूश होतो. धोका सुरू होतो तो इथून. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला, बॉक्सच्या आत, मळसूत्रासारखा वर्म असतो. गाडी बहुतेक वेळ सरळ धावत असल्याने तो मधोमध जास्त झिजतो, दोन्ही टोकांना कमी. मधला सैलपणा घालवायला स्क्रू आवळला, की वर्म वळणावर अडकतो. गाडी वळते, पण स्टेअरिंग आपसूक परत येत नाही. घाटात हे प्लेपेक्षा भयंकर आहे.

जाणता मिस्त्री म्हणूनच आधी बॉक्सला हात लावत नाही. चाके जमिनीवर ठेवून तो एकाला स्टेअरिंग हलवायला बसवतो आणि स्वतः खाली वाकून टाय रॉड एंड, आयडलर आर्म, बॉक्सचे बोल्ट पाहतो. मग जॅक लावून, खाली भक्कम टेकू देऊन किंग पिन तपासतो. एवढे करूनही प्ले उरलाच, तर स्क्रू. तोही थोडा थोडा, दर वेळी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून.

बहुतेक पद्मिनींत गियरचा दांडाही स्टेअरिंगलाच. त्याच्या जोडदांड्यांचे बुश झिजले की गियर सापडेनासे होतात आणि चांगला गियरबॉक्स उगाच खोलला जातो. असा बुश तारापूर एमआयडीसीच्या परिसरातला लेथवाला करून देऊ शकेल. स्टेअरिंगच्या दांड्याला वेल्डिंग मात्र कुणीही, कितीही स्वस्तात करून दिले तरी घेऊ नये.

ही विद्या टिकली ती मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळे. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या रोज रस्त्यावर होत्या, म्हणून त्यांचे भाग बनत होते आणि पोरे मिस्त्रींच्या हाताखाली शिकत होती. 2003 च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून 2023 मध्ये थांबली. आता उरल्या त्या हौशी मालकांच्या गाड्या.

केंद्राने 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली हवी. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. गाडी मूळ रूपात राखायची, तर ती राखणारा कारागीरही हवा; त्याचा विचार या नियमांत नाही. शिवाय नव्वदच्या दशकातली पद्मिनी 2040 नंतरच व्हिंटेज ठरणार. तोवर तिचे स्टेअरिंग कोण बघणार?

राज्य सरकारने पालघर जिल्ह्यातल्या आयटीआयपासून सुरुवात करावी. भंगारात निघालेल्या पद्मिनीचा एक स्टेअरिंग बॉक्स मोटार मेकॅनिकच्या वर्गात टेबलावर ठेवावा आणि तो खोलून दाखवायला एखाद्या जुन्या मिस्त्रीला मानधन देऊन बोलवावे. मधोमध झिजलेल्या वर्मवरून पोरांना एकदा बोट फिरवू द्यावे.