इतिहासाचा प्रकल्प हवा, पण आयता नको

आकुर्डी, (प्रतिनिधी) - शाळेने इतिहासाचा 'प्रकल्प' सांगितला, की धावपळ पालकांचीच होते. दुकानातून आणलेली चित्रे, संकेतस्थळावरून उतरविलेला मजकूर आणि रंगीत मुखपृष्ठ एवढ्यावर गुण मिळून जातात. विद्यार्थी मात्र इतिहासापासून होता तेवढाच दूर राहतो.

धोरणाची उणीव नाही. राज्यात २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि प्रकल्प हे त्याचे एक साधन ठरले. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकातील पहिली तीन प्रकरणे इतिहासलेखन व उपयोजित इतिहास यांचीच होती. अडते ते प्रत्यक्ष वर्गात.

आकुर्डीचेच उदाहरण घ्या. येथील मुलांना रँडवधाचे १८९७ हे साल ठाऊक असते, चापेकर बंधूंचे चिंचवडही जवळच आहे. परंतु आपली वसाहत कशी उभी राहिली, हे फारसे विचारले जात नाही. पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. १९७२ मध्ये स्थापन झालेले नवनगर विकास प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झाले. 'बजाज ऑटो'च्या आकुर्डी कारखान्यातील वाहननिर्मिती २००७ मध्ये थांबली. हा सारा इतिहास अनेक मुलांच्या घरातच आहे.

आजोबांचे कारखान्यातील ओळखपत्र, जुनी वेतनचिठ्ठी, शेजाऱ्यांकडील सातबारा ही अस्सल साधने होत. नोकरीसाठी आलेला कामगार या बदलाकडे एका नजरेने पाहतो, जमीन गेलेला शेतकरी दुसऱ्या. दोघांचे म्हणणे ऐकून ते कागदपत्रांशी ताडून पाहणे, हीच इतिहासाची पद्धत. स्मरणशक्ती दगा देऊ शकते, हेही विद्यार्थ्याला तेव्हाच उमगते.

मोठे वर्ग आणि अभ्यासक्रम संपविण्याची घाई या शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. तरीही सत्रभर एकच प्रश्न, गटवार मुलाखती आणि सजावटीऐवजी पुराव्याला गुण एवढे करणे अशक्य नाही. साठ-सत्तरच्या दशकांत येथे कामाला लागलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. कागद काही वर्षे टिकतील. सांगणारी माणसे तोवर असतीलच, असे नाही.