मागणीनुसार चित्र

४००० × ३००० आकाराच्या छायाचित्रात १ कोटी २० लक्ष बिंदू असतात. ८०० × ६०० च्या चित्रात अवघे ४ लक्ष ८० हजार. संकेतस्थळाने लहान पडद्यावर मोठेच चित्र धाडणे म्हणजे निरुपयोगी बिंदूंचा वाहतूकखर्च वाचकाच्या माथी मारणे होय.

२०१४ साली ॲमेझॉनने जाहीर केलेल्या ‘लॅम्डा’सारख्या सेवांमुळे यावर उपाय सुलभ झाला आहे. मागणी येताच छोटी आज्ञावली चालू होते, मूळ चित्रावरून योग्य आकाराची प्रत करून ती साठविते आणि थांबते. पहिल्या वाचकास क्षणभर तिष्ठावे लागते. पुढील वाचकांस तयार प्रत मिळते. न मागितलेली प्रत जन्मासच येत नाही.

तथापि वाटेल तो आकार मागण्याची मुभा देणे अविचाराचे ठरेल. प्रत्येक नव्या आकारागणिक खर्च वाढतो. म्हणून आकार मोजकेच ठरवावेत व मूळ चित्र जपावे. चित्र हलके करण्याचा भार ते दाखविणाऱ्यानेच उचलणे न्याय्य होय.