आवाज सारखा वाढवावा लागतोय?

निघोजे-चाकण पट्ट्यात दोन खोल्यांच्या घरातही आता टीव्हीशेजारी होम थिएटर दिसते. त्याबद्दलचे प्रश्न लोक दुकानदाराला विचारतात. त्यातले काही खरे तर कानाच्या डॉक्टरला विचारायला हवेत.

जास्त वॉटचा रिसीव्हर घेतला की आवाज त्याच पटीत वाढतो का? नाही. शक्ती दुप्पट केली, तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. दहा बाय बाराच्या खोलीत मोठ्या वॉटचा हव्यास व्यर्थ आहे.

पडद्यावर ‘उणे ३०’ दिसते, म्हणजे आवाज सुरक्षित आहे का? तसे नाही. तो आकडा यंत्राने ठरवलेल्या पातळीच्या तुलनेत असतो. कानापर्यंत किती आवाज पोहोचतो, हे स्पीकर, खोली आणि अंतरावर ठरते.

मग मर्यादा कोणती? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलला आठवड्यात पाचच तास उरतात. प्रेस शॉपमध्ये आठ तास काढलेल्या कामगाराच्या कानाचा हा कोटा घरी पोहोचण्याआधीच संपलेला असू शकतो.

गाणी मोठ्याने ऐकू येतात, पण संवाद कळत नाहीत, असे का? आधी रिसीव्हरमधला ‘नाइट मोड’ लावून पाहावा. स्फोट आणि बोलणे यांतली तफावत तो कमी करतो. तरीही ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटत असतील, तर दोष यंत्राचा नसेल. गोंगाटाने होणारा बहिरेपणा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. हीच अक्षरे आधी हरवतात. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

घरच्या घरी एक साधी पारख करता येते. पाळीवरून आल्यावर टीव्हीचा आवाज नेहमीसारखा लावावा आणि आकडा तसाच ठेवावा. झोप झाल्यावर, कामावर जाण्याआधी, तोच आवाज कर्कश वाटला, तर काल कान बधिर झाला होता असे समजावे. कानात सतत गुंई आवाज येत असेल, तर ऑडिओमेट्री टाळू नये.

गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. त्यामुळे इअरप्लग देऊन कारखान्याची जबाबदारी संपत नाही. दरवर्षी श्रवण तपासणी करून तिचा अहवाल कामगाराच्या हाती द्यायला हवा, आणि कामगारानेही तो मागून घ्यायला हवा.

आणखी एक भान हवे. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा ५५ ची. पण भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला शेजारी दुपारी झोपतो. त्याच्यासाठी ती दुपारच रात्र असते.

घरात कुणी सारखे ‘आवाज वाढव’ म्हणत असेल, तर नवा स्पीकर आणण्याआधी त्याचा कान तपासून घ्यावा.