दिवा हवा, पण त्याचे तोंड खाली हवे



दिवाळीत आपल्या शाळेसमोर मोठा दिवा लागला. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण त्या दिवसापासून आमच्या अंगणातून तारे दिसेनासे झाले. आजी म्हणाली, "बापू, बुढीची बाज कोठी गेली रे? मले तं काईच दिसत नाई." सप्तर्षींच्या चार ताऱ्यांना आजी बुढीची बाज म्हणते आणि मागच्या तिघांना चोर. मला वाटले, आजीची नजर गेली.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. रात्री नऊनंतर लाईन गेली. पाहतो तो काय, सारे आभाळ ताऱ्यांनी भरलेले! आजीने लगेच बोट दाखवले, "ते पाय बाज, अन् ते चोर." म्हणजे आजीची नजर शाबूत होती. आभाळच आपण झाकले होते.

मग मी बाईंनी शिकवलेले मृग नक्षत्र शोधले. त्याच्या मधोमध तीन तारे एका ओळीत आहेत. त्यांच्या दक्षिणेला एक धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नव्हे, तेजोमेघ आहे. तेथे वायू आणि धूळ एकत्र येऊन नवे तारे जन्मतात. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे १३५० वर्षे लागतात. नागपूर शहर बख्त बुलंद शाहाने १७०२ च्या सुमारास वसवले. म्हणजे तो उजेड निघाला तेव्हा नागपूर शहर नव्हतेच! इतक्या लांबून आलेला पाहुणा आपल्या दारातल्या दिव्यामुळे दिसू नये, हे बरे नव्हे.

आई म्हणते, "दिवा नसला तं साप-इचू कसा दिसन?" आईचे खरे आहे. दिवा काढा, असे मी म्हणतच नाही. आपल्याच जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' हा मान मिळाला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभरावर दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला. गावे काही अंधारात बसली नाहीत. त्यांना जमले, मग आपल्याला का जमू नये?

म्हणून माझे मत असे आहे. पहिले, शाळेसमोरच्या दिव्याला वरून टोपी घालावी आणि तोंड खाली करावे. वर जाणारा उजेड ना वाट दाखवतो ना साप. बिल मात्र त्याचेही भरावे लागते. दुसरे, दर अमावास्येला एक तास दिवा बंद ठेवून सर्वांनी मैदानावर जमावे. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातील तारांगणाला तिकीट लागते, आपले तारांगण फुकट आहे. बाज आणि चोर दाखवायला आजी येणार आहे. मी विचारून ठेवले आहे.

पालकांनो, ग्रामसभेत आमचे मत धरत नाहीत. तुमचे धरतात. तेवढे आमच्यासाठी बोला.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी