मदरशातील गणिताचा तास

मदरशांत शिकविणाऱ्या डी.एड. शिक्षकांचे मानधन ६ हजारांवरून १६ हजार रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला. डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतील ही वाढ स्वागतार्हच आहे. तत्पूर्वी २०१५ मध्ये, औपचारिक विषय न शिकविणाऱ्या मदरशांतील मुलांना ‘शाळाबाह्य’ ठरविण्यावरून राज्यात वादंग माजले होते. दोन्ही वेळी चर्चा झाली ती काय शिकवावे याची. कसे शिकवावे, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

वस्तुतः त्याचे उत्तर धर्मशिक्षणाच्या परंपरेतच आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय शिक्षणात समस्याधिष्ठित अध्ययनाची पद्धत आणली. तीत आधी रुग्णाची समस्या मांडायची आणि मग तिच्या अनुषंगाने विषय शिकायचा. इस्लामी धर्मशास्त्राला ही रीत परकी नाही. एखाद्याने अडचण मांडावी आणि मुफ्तींनी आधार तपासून मत द्यावे, यातूनच फतव्यांचे वाङ्मय वाढले.

नांदेड जिल्ह्यातील कंधारसारख्या शेतीप्रधान तालुक्याचेच उदाहरण घेऊ. २४ एकर जमीन असलेला शेतकरी पत्नी, एक मुलगा व एक मुलगी मागे ठेवून निवर्तला. शरियतच्या वारसा नियमांनुसार पत्नीला एक अष्टमांश म्हणजे ३ एकर मिळतात. उरलेल्या २१ पैकी मुलाला १४ आणि मुलीला ७. येथे अपूर्णांक आले, धर्मशास्त्रही आले. परंतु खरा अभ्यास पुढेच आहे. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली, त्याचा अर्थ काय? सातबाऱ्यावर मुलीचे नाव लागते का? तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले गेले, तर ते धर्माला मान्य आहे का?

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार शाळकरी वयाची अवघी ३ टक्क्यांच्या आसपास मुस्लिम मुले मदरशांत जातात. तथापि संख्या अल्प म्हणून प्रश्न क्षुल्लक ठरत नाही. यांतीलच काही जण उद्या मशिदीत इमाम होतील आणि वाटणीच्या वेळी कुटुंबे त्यांचाच सल्ला घेतील. नियम पाठ असलेला इमाम मुलीचा हिस्सा सांगू शकेल. तो तिच्या नावावर कसा चढवावा, हे मात्र समस्या सोडवायला शिकलेलाच सांगेल.

आज सकाळी मौलाना आणि दुपारी गणिताचे शिक्षक, असे दोन स्वतंत्र तास भरविले जातात. वाढीव मानधनाने दुसरा शिक्षक टिकेलही. पण हे दोघे एका प्रश्नाभोवती एकत्र बसत नाहीत, तोवर आधुनिकीकरण वेळापत्रकापुरतेच राहील.