गौचिप: गाईचा डीएनए चिपवर कसा वाचतात?

चिप म्हटलं की तुम्हाला मोबाइलचा प्रोसेसर आठवेल. पण ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिममध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी ज्या चिपचं लोकार्पण केलं, ती वेगळी आहे. गाईंसाठी 'गौचिप', म्हशींसाठी 'महिषचिप'. त्यावर ट्रान्झिस्टर नाहीत, डीएनएचे तुकडे असतात. संगमनेर, राहाता, राहुरीकडे ज्यांचं घर दुधाच्या पगारावर चालतं, त्यांच्या कामाची ही गोष्ट आहे.

चिपवर काय घडतं?

अशा चिपवर डीएनएचे असंख्य छोटे धागे एका टोकाने चिकटवलेले असतात. जनावराच्या रक्तातून काढलेला डीएनए त्यावर सोडला की जुळणारे तुकडे धाग्यांना जाऊन चिकटतात. मग एका प्रचलित पद्धतीत पॉलिमरेज नावाचं एन्झाइम धाग्याच्या टोकाला पुढचं एकच अक्षर जोडतं. त्या अक्षराची खूण रंगाने चमकते आणि स्कॅनर ती वाचतो.

खरी अडचण गर्दीची. परीक्षानळीत एन्झाइम डीएनएकडे कुठूनही येऊ शकतं, चिपवर मात्र एकाच बाजूने. गच्च भरलेल्या एसटीत कंडक्टर मागच्या सीटपर्यंत पोचत नाही, तसंच इथे होतं. धागे फार दाट असले तर एन्झाइमला शिरायला जागा नाही. शिवाय डीएनएवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे दाटीतले धागे नव्या तुकड्यालाही दूर ढकलतात. धागे विरळ ठेवले, तर चमक कमी पडते. म्हणून हे अंतर मोजूनमापून ठेवावं लागतं.

मग दूध वाढेल का?

नुसत्या चिपने नाही. चिप फक्त अक्षरं वाचते. कोणतं अक्षर जास्त दुधाचं, हे हजारो गाईंच्या दूधनोंदींवरूनच कळतं. नोंदी भक्कम असतील, तर चांगला वळू वासरू असतानाच निवडता येतो. नाहीतर त्याच्या मुली दूध देईपर्यंत काही वर्षं थांबावं लागतं.

नगर जिल्ह्यात मेख इथेच आहे. गौचिप देशी गाईंसाठी आहे आणि आपल्या गोठ्यांत संकरित गाई भरपूर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले त्रिवेणी'च घ्या: ५० टक्के होल्स्टीन, २५ टक्के जर्सी, २५ टक्के गीर. एका जातीवरून बांधलेला अंदाज अशा मिश्रणाला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही.

म्हणून कुणी 'चिप टेस्ट केलेली' म्हणून कालवड विकायला आलं, तर आधी विचारा: अंदाज कोणत्या जातीच्या, किती गाईंच्या नोंदींवरून काढलाय? आणि गावात दूधनोंदणी होत असेल, तर कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर देऊन आपली गाय त्यात नक्की घाला.